बोटीच्या इंजिनाचा इंपेलर बदलणे : तासाभराचं काम आणि त्यामागचा सर्व्हिसचा धंदा



आपल्या व्हिडिओखाली एक प्रश्न वारंवार येतो. "सर, हातात पाना-पक्कड धरता येते, भांडवल फारसं नाही, गॅरेज टाकलं तर गल्लीत आधीच चार गॅरेज आहेत. मग करायचं काय?" आज या प्रश्नाचं एक अगदी ठोस उत्तर बघू. शिडाच्या बोटीतल्या डिझेल इंजिनाचा समुद्राच्या पाण्याचा पंप असतो, त्यातला रबरी इंपेलर बदलून द्यायचं काम. वस्तू तळहातावर मावेल एवढी. काम नीट जमलं तर तासाभराचं. पण हे काम वेळेवर झालं नाही तर लाखो रुपयांचं इंजिन आणि बोटीवरची माणसं, दोन्ही अडचणीत येतात. जिथे छोट्या कामावर मोठं नुकसान टळतं, तिथे चांगला सर्व्हिसचा धंदा उभा राहतो, हे आपण नेहमी म्हणतो. हे त्याचंच उदाहरण.

कोणी म्हणेल, शिडाच्या बोटीला इंजिन कशाला? वारा पडला की, बंदरात शिरताना, धक्क्याला लागताना इंजिनच लागतं. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, पाण्याला ओढ असते. अशा वेळी गर्दीच्या जागेत इंजिन बंद पडलं तर बोट ओढीबरोबर जाते. आपल्याकडे शिडाच्या बोटींची परंपराही काही नवी नाही. ज्या 'म्हादेई' बोटीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ज्या बोटीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता ती केली, ती बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली आहे. म्हणजे बोट बांधणारे हात आपल्याकडे आहेत. बांधलेली बोट वर्षानुवर्षं चालती ठेवणारे हात मात्र अजून कमी पडतात. तुमची संधी तिथे आहे.

चला, आधी काम समजून घेऊ. धंद्याचं गणित नंतर.

हा पंप करतो काय?

गाडीचं इंजिन थंड करायला रेडिएटर आणि वारा असतो. बोटीचं इंजिन बंद पेटीत बसलेलं असतं, तिथे वारा नाही. पण बाहेर समुद्रभर पाणी आहे. ते पाणी आत खेचायचं, इंजिनाची उष्णता त्याला द्यायची आणि परत बाहेर टाकायचं, एवढीच ही व्यवस्था.

पाण्याचा रस्ता लक्षात ठेवा, कारण बिघाड शोधताना हाच रस्ता उपयोगी पडतो:

१. बोटीच्या तळाला भोक, त्यावर वॉल्व. याला सी-कॉक म्हणतात.
२. त्यानंतर गाळणी, म्हणजे स्ट्रेनर. शेवाळ, प्लास्टिक, शिंपले इथे अडकतात.
३. मग आपला पंप आणि त्यातला इंपेलर.
४. मग हीट एक्सचेंजर. इथे समुद्राचं पाणी बारीक नळ्यांतून जातं आणि इंजिनात फिरणाऱ्या कूलंटची उष्णता घेतं. काही जुन्या, लहान इंजिनांत हीट एक्सचेंजर नसतोच, समुद्राचं पाणी थेट इंजिनात फिरतं.
५. शेवटी हे पाणी एक्झॉस्टच्या बेंडमध्ये गरम धुरात मिसळतं आणि धुराबरोबर बोटीच्या मागून बाहेर पडतं.

पाचवा मुद्दा अधोरेखित करा. त्या बेंडच्या पुढचा एक्झॉस्ट पाइप रबराचा असतो आणि मफलर बऱ्याचदा प्लास्टिकचा किंवा फायबरचा. पाणी मिसळतं म्हणून ते टिकतात. पाणी थांबलं की काही मिनिटांत कोरडा गरम धूर त्या रबराला भाजायला लागतो. म्हणजे इंपेलर गेला तर नुसतं इंजिन तापत नाही, एक्झॉस्टही जातो आणि बंद जागेत धूर भरतो.

आता इंपेलरचं काम. एक गोल धातूचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात मधल्या शाफ्टवर रबरी चक्र, त्याला लवचीक पाती. लहान इंजिनांत पुष्कळदा सहा पाती असतात. डब्याच्या आतल्या भिंतीला एका बाजूला फुगवटा असतो, त्याला कॅम म्हणतात. चक्र फिरताना पातं त्या फुगवट्यावर आलं की वाकतं, दोन पात्यांमधली जागा कमी होते, पाणी पुढे ढकललं जातं. फुगवटा संपला की पातं सरळ होतं, जागा वाढते आणि नवं पाणी आत खेचलं जातं. दाबायचं आणि सोडायचं, एवढाच खेळ. म्हणून हा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा थोडा वर असला तरी पाणी खेचतो.

पण पाती मिनिटाला शेकडो-हजारो वेळा वाकतात. त्यांना गारवा आणि वंगण दोन्ही मिळतं ते त्या पाण्यातूनच. पंप कोरडा फिरला की रबर घासून तापतं आणि पाती मुळातून तुटतात. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त कोरडा चालवू नका, असं पंप बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. सी-कॉक बंद ठेवून इंजिन सुरू केलं, किंवा तळाच्या भोकावर प्लास्टिकची पिशवी चिकटली, की हे होतं. आपल्या बंदरात पिशव्यांना तोटा नाही, हे वेगळं सांगायला नको.

इंपेलर गेलाय हे ओळखायचं कसं?

इंजिन चालू असताना बोटीच्या मागे बघा. धुराबरोबर ठरावीक लयीत पाण्याच्या चुळा पडायला हव्यात. त्यात फरक पडला की समजून घ्या:

• पाणी नेहमीपेक्षा कमी येतंय किंवा येतच नाही.
• एक्झॉस्टचा आवाज बदललाय, पोकळ आणि कोरडा येतोय.
• धुराऐवजी पांढरी वाफ दिसतेय.
• तापमानाचा काटा वर चाललाय किंवा अलार्म वाजतोय.

यातला अलार्म सगळ्यांत शेवटी वाजतो. तापमानाचा सेन्सर इंजिनातल्या कूलंटवर असतो, आणि ते तापायला वेळ लागतो. तोवर एक्झॉस्टचा रबर भाजायला लागलेला असतो. म्हणून ग्राहकाला पहिल्याच भेटीत एक सवय लावा: "साहेब, इंजिन सुरू केलं की आधी मागे वाकून पाणी बघायचं, मगच दोर सोडायचे." हा सल्ला फुकट आहे, पण यामुळे तुमचं नाव त्यांच्या लक्षात राहतं.

आणि पाणी कमी आलं म्हणजे इंपेलरच गेला असं नाही. आधी सी-कॉक उघडा आहे का बघा. मग गाळणी भरली आहे का बघा. गाळणीच्या झाकणाची ओ-रिंग फाटली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा खेचतो. पंपाचा बेल्ट सैल झालाय का बघा. हे सगळं बघून मग पंप खोला. नाहीतर नवा इंपेलर बसवूनही पाणी येणार नाही, आणि पैसे घेताना मान खाली घालावी लागेल.

पेटीत काय काय हवं?

भांडवल म्हणाल तर हीच ती पेटी:

• झाकणाच्या स्क्रूला बरोबर बसणारे पेचकस आणि लहान पाने.
• इंपेलर काढायचा पुलर. नसेल तर लांब चोचीची पक्कड.
• सर्क्लिपची पक्कड. काही पंपांत इंपेलर सर्क्लिपने अडवलेला असतो.
• ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा लिक्विड साबण.
• योग्य मापाचं गॅस्केट किंवा ओ-रिंग.
• प्लास्टिकची पातळ पट्टी, जुनं गॅस्केट खरवडायला.
• टॉर्च, लहान आरसा, चिंध्या, एक ट्रे, दोन-तीन प्लास्टिकच्या केबल टाय.
• तुमचा मोबाइल, फोटोसाठी.
• आणि लाइफ जॅकेट. होडीतून बोटीवर जाताना घालायचंच. याला पर्याय नाही.

ग्रीस लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. पाण्यासाठीचे इंपेलर बहुतेक निओप्रीन रबराचे असतात. पेट्रोलियमचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की हे रबर हळूहळू फुगतं आणि नरम पडतं. नव्या इंपेलरच्या पाकिटात बऱ्याचदा ग्लिसरीनची छोटी पुडी येते, ती याचसाठी.

काम, पायरी पायरीने

पायरी १ : इंजिन बंद, किल्ली हातात. इंजिन गरम असेल तर निवू द्या. बॅटरीचा मेन स्विच बंद करा. सी-कॉक बंद करा आणि इंजिनाची किल्ली काढून सी-कॉकच्या दांडीलाच अडकवा. याने दोन गोष्टी होतात. तुमचा हात पंपात असताना कोणी इंजिन सुरू करू शकत नाही. आणि काम झाल्यावर किल्ली घ्यायला गेलात की सी-कॉक उघडायची आठवण आपोआप होते.

पायरी २ : पंप शोधा. इंजिनाच्या पुढच्या भागात, बेल्टवर किंवा थेट गिअरवर चालणारा, दोन जाड पाइप जोडलेला आणि चार-सहा स्क्रूंचं गोल झाकण असलेला भाग म्हणजे पंप. काही इंजिनांत झाकण समोर असतं, हात सहज पोचतो. काहींत, उदाहरणार्थ यानमारच्या जुन्या जीएम मालिकेतल्या काही इंजिनांत, झाकणाचं तोंड मागे असतं. तिथे बेल्ट सैल करून अख्खा पंप खोलून बाहेर घेणं सोपं जातं. म्हणून फोनवर दर सांगण्याआधी इंजिनाचं मॉडेल आणि पंपाचा फोटो मागवून घ्या.

पायरी ३ : झाकण काढा. खाली ट्रे आणि चिंधी धरा, थोडं पाणी येईल. वरचे स्क्रू आधी आणि खालचा एक शेवटी काढला तर झाकण पटकन पडत नाही. स्क्रू लहान असतात, एक जरी बोटीच्या तळात पडला तर अर्धा तास गेला. झाकण निघत नसेल तर प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच सोडवा. धातूच्या पेचकसाने उचकटलं की कडेला ओरखडा पडतो आणि तिथून पुढे गळती होते.

पायरी ४ : फोटो. इंपेलर बाहेर काढण्याआधी पाती कुठल्या दिशेला वाकलेली आहेत याचा फोटो घ्या. नवा बसवताना हाच नकाशा.

पायरी ५ : जुना इंपेलर काढा. पुलरने सरळ बाहेर ओढा. दोन पेचकस घालून उचकटण्याची पद्धत बरेच जण वापरतात, पण त्यात पंपाच्या आतल्या काठाला इजा होऊ शकते. मधे स्क्रू किंवा सर्क्लिप असेल तर आधी तो काढा. जोर लावूनही हलत नसेल तर थांबा आणि इंजिनाची पुस्तिका बघा. शाफ्टवर चावी असेल तर ती पडू देऊ नका.

पायरी ६ : पाती मोजा. सगळी आहेत? मुळाशी चिरा आहेत? टोकं झिजून सपाट झालीत? नसलेलं प्रत्येक पातं कुठेतरी पुढे गेलेलं आहे. यावर खाली वेगळं बोलू, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

पायरी ७ : पंपाची तब्येत बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल चर पडलाय का? खोल असेल तर झाकण बदलायचं. कॅमचा स्क्रू घट्ट आहे का? शाफ्टला धरून हलवा, खेळ जाणवतो का? पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर आतलं पाण्याचं सील गेलंय. हे भोक बंद करायचं नसतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, सील गेलं की खारं पाणी बेअरिंगकडे किंवा, गिअरवर चालणाऱ्या पंपात, इंजिन ऑइलकडे न जाता बाहेर पडावं म्हणून. ठिबकणं दिसलं की ग्राहकाला दाखवा, फोटो काढा, पंपाच्या सर्व्हिसचं वेगळं कोटेशन द्या.

पायरी ८ : नवा इंपेलर बसवा. आधी जुन्याशेजारी धरून बघा: बाहेरचा व्यास, जाडी, शाफ्टचं भोक, पात्यांची संख्या आणि चावीची किंवा खाचांची पद्धत, सगळं जुळलं पाहिजे. पात्यांना आणि डब्याला आतून ग्लिसरीन लावा. केबल टायने पाती आवळून धरा, एकाच दिशेला वाकवा आणि फिरवत फिरवत आत ढकला. इंपेलर आत सरकला की टाय आपोआप मागे येते, ती काढून घ्या. पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, म्हणजे मागे रेललेली हवीत. धावणाऱ्या माणसाचे केस जसे मागे जातात तशी.

पायरी ९ : गॅस्केट आणि झाकण. जुनं गॅस्केट पूर्ण साफ करा. नवं त्याच जाडीचं घ्या. घरी जाड कागद कापून लावलेला गॅस्केट इथे चालत नाही. तो जाड झाला तर झाकण आणि पात्यांमध्ये फट राहते आणि पंप पाणी नीट खेचत नाही. पातळ झाला तर पाती झाकणाला घासतात. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. पंपाची बॉडी बऱ्याचदा ब्राँझची असते, जोर केला तर आटे जातात.

पायरी १० : चाचणी. गाळणी साफ करा, झाकण लावा. सी-कॉक उघडा, किल्ली घ्या, बॅटरी चालू करा, इंजिन सुरू करा. एक माणूस मागे पाणी बघायला उभा करा. अर्ध्या मिनिटात पाणी आलं नाही तर इंजिन बंद. "येईल, येईल" करत चालू ठेवायचं नाही, नाहीतर नव्या इंपेलरचीही तीच गत. पाणी आलं की झाकणाभोवती कोरडी चिंधी फिरवून गळती बघा. दहा-पंधरा मिनिटं चालवा, थोडा वेळ गिअर टाकून, लोडवर. मगच पेटी आवरा.

एक सूचना. इंजिन लवकर सुरू होत नसेल तर सी-कॉक उघडा ठेवून सेल्फ मारत राहू नका. पंप फिरत राहतो, मफलर पाण्याने भरतो, पण ते बाहेर ढकलायला धुराचा दाब नसतो. ते पाणी उलटं इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. अशा वेळी सी-कॉक बंद ठेवा आणि इंजिनाने पकड घेतल्याक्षणी उघडा.

एक पातं सापडत नाही, आता काय?

आता मुद्द्याची गोष्ट. समजा, तुम्ही जुना इंपेलर काढला. सहापैकी चार पाती जागेवर. एक तुकडा पंपातच मिळाला. सहावा नाही.

मालक वर उभे आहेत. पाहुणे आलेत, तीन वाजता निघायचंय. ते म्हणतात, "अरे दादा, नवा बसवलास ना? पाणी येतंय ना? मग झालं की!"

आणि खरंच, नवा इंपेलर बसवून इंजिन सुरू केलं तर पाणी येईल. धक्क्याला उभ्या बोटीत, कमी आरपीएमवर तापमानही ठीक दिसेल. पैसे घेऊन तुम्ही जाऊ शकता. कोणालाही कळणार नाही.

पण तो तुकडा पाण्याबरोबर पुढे गेलेला आहे. बहुतेक वेळा तो पंपाच्या पुढच्या पाइपात, एखाद्या वळणावर किंवा हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकतो. तिथल्या नळ्या बारीक असतात, रबराचा तुकडा त्यांच्या तोंडावर झाकणासारखा बसतो. लोड आला, बोट पूर्ण वेगात निघाली की पाणी कमी पडतं आणि इंजिन तापतं. तेही धक्क्यावर नाही, तर बाहेर, पाहुणे बसलेले असताना.

म्हणून तुकडा शोधायचाच. पंपाच्या पुढचा पाइप काढा, आतून बघा. नाही मिळाला तर हीट एक्सचेंजरच्या, पाणी जिथे शिरतं त्या बाजूचं झाकण काढा. सावध राहा, काही एक्सचेंजरांत हे झाकण काढलं की कूलंटही बाहेर येतं. आधी कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या आणि झाकणाची सीलं जवळ ठेवा. बाहेर जाणाऱ्या बाजूने उलटं पाणी मारलं की अडकलेले जुने तुकडेही निघतात. मागच्या दोन-तीन वेळचे तुकडे एकदम मिळणं ही नवलाची गोष्ट नाही, कारण आधीच्यांनी ते शोधलेलेच नसतात.

मालकाला काय सांगायचं? असं सांगा: "साहेब, पाणी येतंय, पण एक तुकडा आत आहे. तो काढायला अजून तास-दीड तास लागेल. तो न काढता बोट बाहेर नेऊ नका, असं माझं म्हणणं आहे. तुमचा निर्णय वेगळा असेल तर मी कार्डावर तसं लिहितो, तुम्ही सही करा."

या वाक्यात भांडण नाही, भीती घालणं नाही. माहिती आहे, सल्ला आहे आणि नोंद आहे. बहुतेक मालक हे ऐकल्यावर पाहुण्यांना धक्क्यावर चहा पाजतात. एखादा चिडेल, "उगाच बिल वाढवतोय" म्हणेल. म्हणू द्या. त्या दिवशी तुम्ही गप्प बसून आठशे-हजार रुपयांचं काम पूर्ण केलंत आणि पुढच्या आठवड्यात ती बोट ओढून आणावी लागली, तर बंदरात ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडे पोचते. बंदर म्हणजे छोटं गाव असतं. तिथे जाहिरात चालत नाही, नाव चालतं.

दर कसा ठरवायचा?

वरचा प्रसंग टाळायचा सोपा उपाय म्हणजे दर आधीच दोन भागांत सांगणं. खालचे आकडे फक्त उदाहरणापुरते धरा, तुमच्या भागाप्रमाणे तुमचे बसवा.

• ठरलेलं काम : इंपेलर आणि गॅस्केट बदलणं, गाळणी साफ करणं, चाचणी. मजुरी समजा ₹१,५००. सामान वेगळं, मूळ बिलासह.
• जादा काम : तुटलेले तुकडे शोधणं, जाम झालेले स्क्रू काढणं. तासाला समजा ₹६००. सुरू करण्याआधी मालकाला विचारून.
• येणं-जाणं : अंतराप्रमाणे, होडीचं भाडं धरून.

आता हिशेब करा. काम एक तासाचं, पण तुमचा दिवस किती गेला? घरून निघणं, धक्क्यावर होडीची वाट बघणं, काम, परत येणं. अर्धा दिवस सहज जातो. म्हणजे दिवसाला एकच बोट केली तर ₹१,५०० मध्ये पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज सगळं आलं. हातात फार राहत नाही. त्याच धक्क्यावर एका दिवशी तीन बोटी केल्या तर येण्या-जाण्याचा खर्च तेवढाच आणि मजुरी ₹४,५००. म्हणून या धंद्याचं गुपित दर वाढवण्यात नाही, एका जागी कामं एकत्र लावण्यात आहे. "रविवारी मी मांडव्याला आहे, कोणाला तपासणी करून हवी का?" असा एक मेसेज आठवडाभर आधी टाका.

सामानाचा साठा करताना घाई नको. प्रत्येक पंपाचा इंपेलर वेगळा, आणि रबर ठेवून ठेवून कडक होतं. तुमच्या यादीत ज्या बोटी आहेत त्यांचेच पार्ट नंबर लिहून ठेवा, तेवढेच मागवा, उन्हापासून लांब, थंड जागी ठेवा. प्रत्येक मालकाला एक जादा इंपेलर आणि गॅस्केट बोटीवरच ठेवायला सांगा. ही विक्री तुमची, आणि अडचणीच्या वेळी उपयोग त्यांचा.

कागदपत्रांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्र आणि गोव्यात फक्त सेवा देत असाल तर वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणपणे बंधनकारक नाही. सामानही विकणार असाल तर सीएला एकदा विचारून घ्या. ज्या धक्क्यावर किंवा क्लबात काम करणार तिथली परवानगी आधी काढा.

ग्राहक कुठे, आणि कधी?

खरं बोलू. आपल्याकडे इंजिनाच्या शिडाच्या बोटी मोजक्या आहेत. मुंबई बंदर, गोवा, कोचीचा मरीना, अशा ठिकाणी त्या एकवटलेल्या आहेत. फक्त त्यांच्यावर घर चालवायचं ठरवू नका. पण हाच हात कुठे कुठे चालतो ते बघा. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच, मासेमारीच्या नौका, जिथे जिथे रबरी इंपेलरचा पंप आहे तिथे काम तेच. अलिबाग, मालवण, तारकर्ली, कळंगुटला वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींना आउटबोर्ड इंजिनं असतात. त्यांच्या पायात, पाण्याखाली, असाच रबरी इंपेलर असतो. खोलायची पद्धत वेगळी, ती शिकून घ्यावी लागते, पण तत्त्व तेच. तांडेलांशी बोला, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांशी बोला. ते तुम्हाला पाच मिनिटांत सांगतील की गेल्या हंगामात किती दिवस इंजिनाने दगा दिला.

आता कॅलेंडर. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. मुंबईतल्या शिडाच्या बोटीही पावसाळ्यात वर काढतात, हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. यातून तुमच्या कामाचे दोन ठोक महिने निघतात.

मे अखेर : बोट वर काढताना इंपेलर काढून ठेवायचा. महिनोन्महिने एका जागी दबून राहिला की पाती वाकलेल्या आकारातच कडक होतात. काढल्यावर किल्लीला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी बांधा : "इंपेलर काढलेला आहे. इंजिन सुरू करू नये."

सप्टेंबर-ऑक्टोबर : नवा इंपेलर, नवं गॅस्केट, चाचणी. पुस्तिकेत तासांचं अंतर दिलेलं असतं ते पाळायचंच, पण ज्या बोटी वर्षात थोडेच तास चालतात त्यांनाही वर्षातून एकदा बदलणं परवडतं.

म्हणजे एका ग्राहकाकडे वर्षातून दोन ठरलेल्या भेटी. नवा ग्राहक शोधण्यापेक्षा हे सोपं. त्यासाठी प्रत्येक बोटीचं एक कार्ड ठेवा : बोटीचं नाव, इंजिनाचं मॉडेल, पंपाचा पार्ट नंबर, तारीख, इंजिनाचे तास, जुन्या इंपेलरची किती पाती शाबूत होती, सील ठिबकतं का, पाणी किती सेकंदांत आलं. जुन्या इंपेलरचा फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. झिजलेलं रबर डोळ्यांनी दिसलं की बिलावर प्रश्न येत नाही. आणि हो, जुनं रबर, चिंध्या, गॅस्केटचे तुकडे पिशवीत भरून परत आणा. समुद्रात टाकलेला कचरा फिरून कोणाच्या तरी सी-कॉकवरच येतो.

आजचा गृहपाठ

वाचून विसरू नका. या आठवड्यात तीन गोष्टी करा.

१. तुमच्या जवळच्या धक्क्यावर एक सकाळ घालवा. इंजिनाच्या किती बोटी आहेत, कुठल्या कंपनीची इंजिनं आहेत, वहीत लिहा.
२. त्यातल्या तीन मालकांना किंवा तांडेलांना एकच प्रश्न विचारा : "पाण्याचा पंप शेवटचा कधी उघडला होता?" उत्तर ऐका, विकायला जाऊ नका.
३. एखाद्या जाणत्या मिस्त्रीबरोबर, फुकट का होईना, दोन इंपेलर बदलताना हाताखाली उभे राहा. पहिला इंपेलर ग्राहकाच्या बोटीत एकट्याने बदलायचा नाही.

तीन उत्तरांपैकी दोन जरी "आठवत नाही" अशी आली, तरी तुमच्या गावात हे काम आहे असं समजा. वहीतली यादी आणि आलेली उत्तरं कमेंटमध्ये लिहा, त्यावरून तुमच्या भागात दर किती ठेवता येईल ते आपण मिळून काढू.

भेटू पुढच्या लेखात. तोवर हात चालू ठेवा, हिशेब चोख ठेवा.